हिरवी टिक म्हणजे नक्की काय झालं?

“ही हिरवी टिक कशाची?” मी विचारलं.

“मेसेज सेव्ह झाल्याची,” ओंकार म्हणाला. ओंकार आमचा प्रोग्रॅमर.

“सेव्ह कुठे?”

“फोनमध्ये. रेंज आली की आपोआप पुढे जातो.”

“आणि रेंज नाही आली तर?”

ओंकारनं प्रोजेक्ट मॅनेजर नीलेशकडे बघितलं. नीलेशनं घड्याळाकडे.

आम्ही वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका आरोग्य उपकेंद्राच्या आतल्या खोलीत बसलो होतो. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि शिंदे सिस्टर. पेशंट गंभीर असला तर त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. आमच्या ॲपचं काम एवढंच, की सिस्टरनी बटण दाबलं की रुग्णालयाला आणि रुग्णवाहिकेला एकाच वेळी निरोप जावा. सोमवारपासून चाचणी होती. त्यासाठी सिस्टरच्या हातात फोन आधीच दिला होता आणि तो रुग्णालयाशी जोडलेलाही होता.

माझं काम ॲप चालतं की नाही हे बघायचं नसतं. ते माणसाला वापरता येतं का, हे बघायचं असतं. त्याची एक पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह वॉकथ्रू. वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून स्क्रीनमागून स्क्रीन चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी अडून विचारायचं. आता काय करायचं हे तिला कळेल का? बटण दिसेल का? ते त्याच कामाचं आहे हे समजेल का? आणि दाबल्यावर काय झालं, हे तिला बरोबर कळेल का?

सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. या शेवटच्या प्रश्नाला गाडी अडली.

“खाली लिहिलंय की,” नीलेश म्हणाला. टिकच्या खाली फिकट राखाडी अक्षरं होती: ‘सिंक प्रलंबित’.

“हे कोण वाचणार? आणि वाचून काय समजणार?”

“सिस्टर हुशार आहेत.”

“हुशारीचा प्रश्न नाही. समोर पेशंट असताना माणूस टिक बघतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी याला पास म्हणणार नाही.”

“मॅडम, सोमवारी चाचणी आहे. ही सुधारणा पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ. तुम्ही रिपोर्टमध्ये ‘किरकोळ’ लिहा.”

“किरकोळ नाही ही.”

नीलेश काही बोलणार, तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि कुणीतरी ओरडलं, “सिस्टर! ओ सिस्टर!”

भात कापायला गेलेली बाई होती. सुमन नाव. नवरा दत्ता आणि दीर, दोघांच्या मध्ये बसवून आणलेली. उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला.

“घोणस हुती,” दत्ता म्हणाला. “म्या डोळ्यांनी बघितली.”

सिस्टरनी तिला खाटेवर निजवलं. हात हलू नये म्हणून फळी बांधली. सूज चढायच्या आत बांगड्या उतरवायला हव्या होत्या. काचेच्या होत्या, दोन फुटल्या. दत्तानं तोंड फिरवलं.

“काय होत न्हाई, हाताला रुतू नयेत म्हणून काढल्या,” सिस्टर त्याला म्हणाल्या आणि फोन घेतला. आम्ही दारातून बघत होतो. एकाही स्क्रीनवर त्या चुकल्या नाहीत. शेवटचं बटण दाबलं. टिक आली.

“वरल्या टेकाडावर जाऊ का फोन लावाया?” दिरानं विचारलं. इथं रेंज फक्त टेकाडावर. ॲप यायच्या आधी असं काही झालं की कुणीतरी तिकडं पळायचं.

“नको. कळवलंय मी. गाडी येईल आता.”

दीर उंबऱ्यावर बसला.

मी ओंकारकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी पुढं झाले.

“सिस्टर, मेसेज गेलेला नाही.”

“गेला की. हे बघा.” त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. टिक ठसठशीत हिरवी होती.

“तो फोनमध्येच आहे. रेंज नाही. कुणालाही कळलेलं नाही.”

दत्ता पुढं आला आणि म्हणाला, “म्हंजी गाडी येत न्हाई?”

तेवढ्यात सुमनला उलटी झाली. तिच्या हिरड्यांतून रक्त येताना दिसलं.

“माझी गाडी घ्या,” नीलेश म्हणाला. तो आधीच किल्ली काढून दाराकडे निघाला होता.

मागच्या सीटवर सिस्टर, त्यांच्या मांडीवर सुमनचं डोकं, कडेला दत्ता. मी पुढे, एका हातात माझा फोन, दुसऱ्यात सिस्टरचा. ओंकार आणि दीर मोटरसायकलवरून मागं. रस्ता वळणावळणाचा आणि खड्ड्यांचा. जोरात न्यावं तर पेशंटला हिसके, हळू न्यावं तर वेळ जातो. नीलेश एकेक खड्डा चुकवत होता. मागून सिस्टरचा आवाज येत होता, “सुमन, डोळं मिटू नगं. माझ्याशी बोल. पोरगी कितवीला हाय?” आधी उत्तरं येत होती. मग यायची थांबली.

एका उतारावर रेंज आली. सिस्टरचा फोन वाजला, मेसेज आपोआप गेला. मी तोवर रुग्णालयाला फोन लावला होता.

“तुमच्याकडे काही निरोप आला होता का?”

“नाही हो मॅडम. थांबा, आत्ता या क्षणी आलाय.”

रुग्णवाहिका वेल्ह्यातच उभी होती. ती समोरून आली, निम्म्या वाटेत आमची गाठ पडली. सुमनला त्यांनी उचलून घेतलं तेव्हा ती कण्हली. तेवढ्यानंही बरं वाटलं.

रुग्णालयात सापाच्या विषावरची लस काढून डॉक्टर तयार होते. संध्याकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, “धोका टळला असं वाटतंय. आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.” दत्ता तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या. सुमन पुढं घरी गेली. तिची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत.

नीलेशनं तिथूनच, पायऱ्यांवर उभं राहून, क्लायंटला फोन केला.

“सोमवारची चाचणी होणार नाही.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“हो सर, एका टिकसाठी,” तो म्हणाला. “नाही, किरकोळ नाही.”

आता रेंज नसली की स्क्रीन लाल होते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत येतं: ‘निरोप गेला नाही. माणूस पाठवा.’ रुग्णालयातल्या माणसानं निरोप वाचल्याशिवाय टिक येत नाही. दुसऱ्या वॉकथ्रूला सिस्टरच आमच्याबरोबर बसल्या. लाल स्क्रीन बघून म्हणाल्या, “हे बरंय. खोटा धीर देत न्हाई.”

माझ्या रिपोर्टमध्ये दोष लिहायला गंभीर, मध्यम आणि किरकोळ असे तीन रकाने असतात. कुठला दोष कुठं लिहायचा हे मी हल्ली ऑफिसात बसून ठरवत नाही, वापरणाऱ्याच्या शेजारी बसून ठरवते.