आमच्या रोबोटचा आवाज

आज सकाळी आमचा रोबोट गेला.

हसलात तरी चालेल. गज्याला राग आला नसता.

गजानन, म्हणजे आमचा गज्या. अकोल्याच्या बाजारात फुलांचं दुकान. घरच्याच वावरातला झेंडू, घरचीच शेवंती, आणि आवाज असा की गाडीवरून जाणारा माणूस ब्रेक मारायचा.

कॉलेजात मी, गज्या आणि अतुल एक जपानी कार्टून सिरीज पाहायचो. त्यात एक भलामोठा रोबोट. त्याच्या आत बसलेले पाच मित्र दिवसभर एकमेकांची खेचतात, आणि ते हसले की रोबोट चालतो. एवढीच स्टोरी. आम्ही तिघं येडे झालो होतो तिच्यापायी.

प्रॉब्लेम एकच. खाली इंग्लिश पट्टी यायची आणि गज्या वैतागायचा.

"पट्टी वाचू का रोबोट पाहू बे?"

मग मी वाचून मराठीत सांगायची, आणि रोबोटचं वाक्य आलं की गज्या वऱ्हाडीत ठोकून द्यायचा.

समोर शहराएवढा राक्षस उभा. आमचा रोबोट त्याला म्हणतो, "काहून बे, तुह्या बापाचं गाव हाय काय? सरक मांगं!"

अतुलने ते रेकॉर्ड करायला सुरुवात केली. अकोल्याचा मे महिना, खरखर नको म्हणून पंखा बंद, आवाज घुमू नये म्हणून वरून अंगावर गोधडी. घामाने नुसती आंघोळ व्हायची. पण आमचे ते डब केलेले भाग मोबाइलवरून असे फिरले की बाजारातले पोट्टे गज्याला पाहून ओरडायचे, "सरक मांगं!"

पुढे मी नोकरीसाठी अमरावतीला आले. लग्नं झाली. दिवाळीत जमलो की एखादा भाग व्हायचा. शेवटचा एक तेवढा राहिला होता.

आणि गज्याला घशाचा कॅन्सर झाला.

कारण खर्रा, आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा. अजून काय! आम्ही बोंबलायचो, तो समोर बसून खर्र्याची पन्नी घोटायचा.

डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गज्या वाचला. आवाज गेला.

बोलायला एक मशीन मिळालं. टॉर्चएवढं, गळ्याला लावून बोलायचं. मिक्सरच्या भांड्यातून कोणी बोलतंय असा आवाज. घरी पहिल्यांदा लावलं, तर त्याची चार वर्षांची पिऊ किंचाळून आईच्या मागे लपली.

त्याने मशीन डब्यात ठेवलं. ते ठेवलंच.

दुकान खुणांवर. घरात पाटी. माझ्या मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा. अहो, अख्खा बाजार डोक्यावर घेणारा माणूस तो! मला भीती वाटायची, हा असाच आतल्या आत संपणार.

एक दिवस वर्षा वहिनीचा फोन आला. "ताई, हे बोलूनच नाई राह्यले. पोरगीबी आता जवळ जात नाई. तुमी येऊन पाहा ना."

अतुलला घेऊन गेले. लॅपटॉपसकट. म्हटलं, "गज्या, शेवटचा भाग करून टाकू."

त्याने पाटीवर लिहिलं, "रोबोट अतुलले देऊन टाक."

अतुलने बिचाऱ्याने जीव ओतला. अजून म्हणतो, मी चांगलंच केलं होतं. पण अतुलचा आवाज म्हणजे, 'सर, आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?'

पहिल्या वाक्याला गज्याने डोळे मिटले. दुसऱ्याला कपाळावर हात मारला. मग ताडकन उठला, कपाटातून डबा काढला आणि मशीन गळ्याला लावलं.

"बंद कर बे! रोबोट हाय का कस्टमर केअर?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी.

आणि आतल्या खोलीतून पिऊ पळत आली. आमचे सगळे भाग तिने पाहिलेले.

"आई, बाबा रोबोट झाले!"

मग बापाचा शर्ट ओढून, "अजून बोला ना."

गज्या बोलत होता आणि रडत होता. मीही रडत होते, खोटं कशाला सांगू. शेवटचा भाग त्याच दुपारी झाला. पिऊ त्याच्या मांडीवरून हललीच नाही.

त्यानंतर गडी जो सुटला! गिऱ्हाइकांशी वाद, पिऊच्या शाळेत जाऊन वाद, आणि मला फोन करून तासभर फालतूपणा. "काय वो मॅडम, जित्त्या हाय का?" पिऊचे पाढे त्यानेच पाठ करून घेतले, त्याच आवाजात.

किती बोलला! ही सगळी वर्षं आम्हाला मिळाली, याबद्दल कोणाचे आभार मानू ते कळत नाही.

दुखणं परत आलं, तेव्हाही बोलायचा थांबला नाही. मागच्या आठवड्यात दवाखान्यात मला म्हणाला, "पिऊले गप्प नको बसू देजो."

पिऊ आता सहावीत आहे. आज घर माणसांनी भरलेलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"आत्या, बाबाचा पह्यलचा आवाज कसा होता वो? मले आठवतच नाई."

माझ्या मोबाइलमध्ये जुने भाग आहेत. एक लावला. कॉलेजातला गज्या, तोच खणखणीत आवाज. मला ऐकवेना.

तिने नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"हा नाई वो. माह्या बाबाचा लावा."

शेवटचा भाग लावला.

गज्या, तू बोललास. फार मोठे उपकार केलेस रे आमच्यावर.

जाय गड्या आता. नीट जाय.