राज़ीनामा हो गया

सभागृह आठ दिवस बंद पडलं होतं. विरोधकांना एका मंत्र्याचा राजीनामा हवा होता आणि सरकार तो देत नव्हतं. रोज सकाळी कामकाज सुरू व्हायचं, पाच मिनिटांत घोषणा, कागदांची फाडाफाडी, की तहकूब. भांडा मेल्यांनो हवं तेवढं, पण त्यांच्या भांडणात माझी नोकरी अडकली होती. लखनौतल्या एका शाळेत मी नऊ वर्षं ‘तदर्थ’ शिक्षिका होते, म्हणजे तात्पुरती. आम्हाला कायम करण्याचं विधेयक त्याच अधिवेशनात यायचं होतं. नाही आलं, तर महिनाअखेरीला आमची मुदत संपत होती.

लखनौच्या महानगर मोहल्ल्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे बाबूजी विधानभवनात कारकून होते. संध्याकाळी त्यांची स्कूटर वाजली की मी फाटकात हजर. ते नुसती मान हलवायचे, आणि मी घरात येऊन मुलांवर उगाच ओरडायची.

नवव्या दिवशी मात्र ते हसत आले. “भाभीजी, राज़ीनामा हो गया!”

गेला एकदाचा! आता सभागृह चालणार, या आनंदात मी शिरा करायला घेतला. हे बँकेतून आले तशी मी दारातच म्हणाले, “अहो, मंत्र्याने राजीनामा दिला!”

“कोण म्हणालं?”

मी बाबूजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. हे हसत सुटले. “अगं, इतकी वर्षं इथे राहून! हिंदीत राज़ीनामा म्हणजे समझौता. मंत्री आहे तिथेच आहे.”

मी ओशाळले. पण तडजोड तर तडजोड, काम चालल्याशी कारण. तेवढ्यात यांचं हसू थांबलं. “तडजोड कशावर झाली, ते विचारलंस?”

मी तशीच वर गेले. बाबूजी चहा पीत होते.

“जाँच बैठा देंगे, मंत्रीजी बने रहेंगे. बजट शोर में ही पास हो गया और सदन अनिश्चितकाल के लिए स्थगित. अब हमें भी छुट्टी मिलेगी!”

“और हमारा विधेयक?”

“कौन-सा?” त्यांना आठवायला वेळ लागला. “अच्छा, वो! वो तो लिस्ट में था.”

संतापाने मला रडूच फुटलं. नऊ दिवस कशावरच एकमत न झालेल्यांचं घरी जाण्यावर झालं होतं. त्यांच्यातल्या एकाचीही खुर्ची गेली नाही. महिनाअखेरीला माझी गेली.