दहावीचे पेढे

झेरॉक्सच्या दुकानात लेकीची दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट होत होती. गरम प्लास्टिकच्या त्या वासानं मी मनानं थेट माझ्या बारावीनंतरच्या, सोलापुरातल्या फार्मसी प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. जागा एकच उरलेली, आणि प्रवेश परीक्षेत माझे आणि रांगेतल्या पुढच्या मुलीचे गुण सारखे. मग प्रवेश देणाऱ्या मॅडमनी आमचे दहावीचे गुण बघितले. माझे कमी होते. जागा त्या मुलीला गेली.

वडिलांनी हौसेनं लॅमिनेट केलेली माझी गुणपत्रिका घामेजल्या हाताला चिकटली होती. मंगळवेढ्याहून सोबत आलेले वडील हळूच म्हणाले, "ह्याच मार्कांचं गल्लीभर पेढं वाटलं हुतं की आमी."

तेव्हा मला त्या पेढ्यांची लाज वाटली होती.

"आई, पेढे घ्यायचे ना?" लेक विचारतेय. माझी नजर मात्र तिच्या गणिताच्या कमी गुणांवरून हलत नाही.