निशिगंधाचा सत्कार

धामणगाव बढ्याच्या ज्ञानेश्वररावांची निशिगंधा म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी पोर. गावच्या शाळेतून बुलढाण्याच्या कॉलेजात गेली, तिथून बंगळुरूच्या प्रयोगशाळेत, आणि कुठेच गाजावाजा केला नाही. काम मात्र असं की सांगता सांगता तिचीच दमछाक व्हावी. सेमीकंडक्टरच्या चिपमध्ये एकच इलेक्ट्रॉन अडकवायचा आणि तो कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखायला मायक्रोवेव्ह लहर पाठवायची. परत येणारा सिग्नल इतका अशक्त, की भयानक थंडीत ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरनं वाढवल्याशिवाय त्याचा पत्ताच लागत नाही. "बाबा, इकडं थ्रेशर चालू हाये अन् लांबच्या वावरातून कोणी हळूच हाक मारून राह्यलं, असं समजा," असं तिनं बापाला सांगून पाहिलं होतं.

कैक वर्षं काही दिसलं नाही. मग एका दुपारी स्क्रीनवर सिग्नलची स्वच्छ रेघ उमटली. पोरीचा आनंद गगनात मावेना, तिनं लगेच घरी फोन लावला. घोळ झाला तो इथंच. ज्ञानेश्वररावांनी पारावर सांगितलं की पोरीला सिग्नल सापडला. सरपंच उकंडरावांच्या कानी जाईपर्यंत तो 'जगात पहिल्यांदा' सापडला होता. आणि उकंडरावांना मंडप टाकायला निमित्त लागतंच कितीसं!

निशिगंधा गावी आली, आणि घरून मंडपाकडे निघताना प्रयोगशाळेतला सहकारी कुलदीपचा फोन आला. त्यानं चिपची जोडणी बंद करून पाहिली होती, तरी रेघ तशीच होती. म्हणजे इलेक्ट्रॉनचा काही संबंधच नव्हता. अ‍ॅम्प्लिफायर जास्त ताणला गेला आणि माईक शिट्टी मारतो तसा आपला आपणच घुमत राहिला. ताणला होता निशिगंधानंच. ती तशीच बापाकडे गेली.

"बाबा, मले सत्कार नोको."

"काऊन?"

तिनं सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरराव खाटेवर बसले.

"मंडप भरला वं माय," ते म्हणाले. "मंग सांगजो. आज नोको."

पण माईक हातात आल्यावर तिला राहवेना. "मी सांगितलेला निकाल चुकला," ती म्हणाली. "तो सिग्नल चिपचा नव्हताच. आमचं यंत्रच स्वतःहून वाजत होतं. चूक माझी आहे."

उकंडरावांनी पुढे होऊन माईक घेतला.

"पाहा लोकहो! एवढी शिकली, पन हाये का पोरीले गर्व?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "नाही हो, खरंच चुकलं," ती म्हणत राहिली, पण माईक आता तिच्याकडे नव्हता. तिला रडू फुटलं, तर बायाही गहिवरल्या. तिनं बापाकडे पाहिलं. मंडपात खरं काय ते कळलेला तो एकटाच माणूस होता. ज्ञानेश्वरराव पहिल्या रांगेत मान खाली घालून टाळ्या वाजवत होते. उकंडरावांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, आणि तिनं ती टाकू दिली.