खालून कापलेलं नाटक

एका जाडजूड रशियन कादंबरीचं मी दोन अंकी मराठी रूपांतर केलं होतं. तिथला जमीनदार आमच्याकडे कोकणातला खोत झाला. ती भूमिका कल्याणचा माझा मित्र करत होता. बँकेतून निवृत्त, हौशी नट. तालमी डोंबिवलीच्या एका शाळेत चालत.

मित्राची एकुलती मुलगी घोडबंदर रोडला राहते. तिनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा हा लग्नाला गेला नाही. त्यानंतर सहा वर्षं दोघं बोललेली नाहीत. नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात खोत मुलीची माफी मागतो. त्या प्रवेशासाठीच त्यानं भूमिका घेतली.

"माझं मला बोलता येत नाही रे. तू लिहिलंयस तर बोलेन," तो म्हणाला. मुलीला त्यानं प्रवेशिका पाठवली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळची रंगीत तालीम बारा मिनिटं लांबली. वेळ ओलांडली की नाटक बाद.

"काका, बारा मिनिटं काढा. आत्ता," दिग्दर्शिका म्हणाली.

मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. बातमी जागेत बसली नाही की खालून कापायची. महत्त्वाचं वर असतं. हात सवयीनं चालला. खोत मुलीच्या तोंडावर दार लावतो, तिथे मी पडदा पाडला. पुढचा प्रवेश गेला.

धावपळीत मित्राला सांगायचं राहिलं. त्याला कळलं तेव्हा दुसरी घंटा झाली होती.

"अरे, ती आलीय. चौथ्या रांगेत बसलीय."

"लाइट्स बदलून झाल्यात, काका," दिग्दर्शिका म्हणाली.

त्यानं दार लावलं. पडदा पडला. टाळ्या संपेपर्यंत चौथ्या रांगेतली ती खुर्ची रिकामी झाली होती.

रविवारी तो माझ्याकडे वर्तकनगरला आला. अंगात खोताचाच कोट.

"नाटकात नाही, तर सिनेमात. मोबाइल धर."

कापलेल्या प्रवेशातली मुलीची वाक्यं मी वाचली. तो एकदाही अडखळला नाही. व्हिडिओ त्यानं लगेच मुलीला पाठवला. तासाभरानं उत्तर आलं: "संवाद छान आहेत, बाबा. कोणी लिहिले?"

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. "आता काय लिहू? सांग ना."

मी फोन त्याच्याकडेच सरकवला. त्यानं 'मी' टाइप केलं, खोडलं. मग माझं नाव टाइप केलं. तेही खोडलं.

उत्तर अजून गेलेलं नाही.