डॉक्टर होण्याआधी तलासरी

नाशिकहून डहाणूला जाणारी एसटी सुटताना नवऱ्याने, मिलिंदने, खिडकीतून शेवटचं वाक्य आत टाकलं, “आधी रक्त बघून ये. राजीनामा द्यायला काय, एक ईमेल पुरतो.”

त्याचं चुकत नव्हतं. माझं वय अडतीस. चौदा वर्षं मी एका विमा कंपनीत आजारपणाचे दावे तपासते. ॲपेंडिक्सपासून हार्ट अटॅकपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून गेलंय, पण कागदावर. जिवंत रोगी एकही नाही. गेल्या वर्षी मनाने घेतलं, की आपण डॉक्टर व्हायचं. बारावीला जीवशास्त्र होतं. ‘नीट’ला वयाची वरची अट उरलेली नाही, हे मी तीन वेळा वाचून घेतलं आणि घरात जाहीर केलं. नववीतली लेक म्हणाली, “आई, तू माझी ज्युनिअर झालीस तर तुला मला ताई म्हणावं लागेल.” सासूबाई नुसतं “बरं” म्हणाल्या. असं बरं त्या पाहुणे फार दिवस राहिले की म्हणतात.

शेवटी मिलिंदनेच तोडगा काढला. त्याची सुमनमावशी डॉक्टर. राहते नरपडला, दवाखाना तलासरीत. चार दिवस तिच्याबरोबर बसायचं आणि मग ठरवायचं.

जव्हारच्या वळणांवर भावी डॉक्टरांना उलटी झाली. शेजारच्या बाईंनी आवळासुपारी काढून दिली.

“कुठं चाललात?”

“दवाखान्यात.”

“हो, वाटतंच आहे,” त्या कळवळून म्हणाल्या आणि कासा येईपर्यंत माझा हात धरून बसल्या.

डहाणूत उतरले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. नरपडची रिक्षा समुद्राच्या कडेने निघाली. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या (बागा), आणि मधूनमधून काठ्यांवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. मावशीचं घर एका वाडीच्या मागे होतं. मावशी बुटकी, चटपटीत, सदुसष्ट वर्षांची. तिने माझ्या पानात तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि सरळ विचारलं, “डॉक्टर कशाला व्हायचंय?”

मी समाजसेवेवर तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं.

“हे मुलाखतीत सांग. मला खरं काय ते सांग.”

मग सांगितलं. एका बाईंचा दावा मी नाकारला होता. नियमाने तो नाकारायलाच हवा होता. त्यांचा फोन आला. मला वाटलं भांडतील. त्या म्हणाल्या, “पैशांचं राहू दे. तुम्ही सगळे रिपोर्ट वाचलेत ना? मग माझ्या नवऱ्याला नक्की काय झालं होतं, एवढं सांगा. मला कुणी नीट सांगितलंच नाही.” मला त्या आजाराचा कोड पाठ होता. आजार काय असतो, ते सांगता आलं नाही.

मावशीने माझ्या पानात आणखी एक बोंबील टाकला आणि उठताना म्हणाली, “सकाळी सातला निघायचं.”

सकाळी मावशीच्या जुन्या गाडीतून घोलवडला आलो. रस्त्याकडेला चिकू निवडून खोक्यांत भरणं चाललं होतं. मावशीने गाडी थांबवून एका बाईंना विचारलं, “शुगर तपासलीस?” बाईंनी उत्तरादाखल चार चिकू दिले. मावशीने ते माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “म्हणजे नाही तपासली.”

तलासरीत हायवेच्या ट्रकांचा आवाज दवाखान्याच्या आतपर्यंत येतो. दोन खोल्या, एक बाकडं, एक तपासणीचं टेबल. मी पांढरा कुडता घालून गेले होते. ही चूक होती. बाकड्यावरच्या सगळ्यांनी मला नवी डॉक्टर ठरवलं आणि एका आजोबांनी माझ्यासमोर जीभ बाहेर काढली. काय करावं ते न सुचून मी म्हणाले, “छान आहे.”

पहिलाच पेशंट एक ट्रक ड्रायव्हर होता. पाठीवर लिंबाएवढं गळू. मावशीने त्याला टेबलावर पालथं झोपवलं, मला ट्रे धरायला दिला आणि गळूला चीर दिली.

त्यानंतरचं मला ऐकीव माहितीवरून सांगावं लागतंय. ट्रे आधी पडला, मग मी. शुद्धीवर आले तेव्हा टेबलावर मी झोपले होते. ड्रायव्हर उघड्या पाठीने शेजारी उभा राहून स्वतःच्याच केस पेपरने मला वारा घालत होता.

“मॅडम, डरो मत,” तो म्हणाला, “कुछ नहीं होता.”

“मॅडमचं झालं असेल तर तुझं पूर्ण करू का?” मावशीने त्याला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावरचा प्रत्येक माणूस माझ्या तब्येतीची चौकशी करत होता. तलासरीच्या बाजारात बातमी माझ्याआधी पोचली होती. चहावाल्याने न विचारता माझ्या चहात जास्त साखर घातली. मावशीने मला बाहेर खुर्चीवर बसवलं आणि येणाऱ्यांचे जुने कागद लावून ठेवायला सांगितलं. चौदा वर्षं जे करत होते तेच करायला मी एवढा घाट उतरून आले होते! त्या संध्याकाळी मी मिलिंदला फोन करून सांगितलं, “राजीनाम्याचा ईमेल लिहू नकोस.” तो म्हणाला, “मी कुठे लिहीत होतो?”

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका गावातून लाडकूबाबा आणि त्यांच्या पत्नी सोनीबाई असे दोघे आले. घरची भात-नागलीची शेती. बाबांच्या पायाला जखम होती, पण सोनीबाईंची काळजी वेगळी होती.

“हा उभा राहतो नि पडतो,” त्या म्हणाल्या. “शेतात पडला, ओट्यावर पडला. लोकं म्हणतात पितो. हा तर ताडीला शिवत पण नाय.”

मी त्यांच्या पिशवीतले कागद लावायला घेतले. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या, दोन गोळ्यांच्या पट्ट्या. एक निळी, एक चंदेरी, नावं वेगळी. सवयीने मी मागची बारीक अक्षरं वाचली. आमच्या कामात बारीक अक्षरांतच सगळं असतं. दोन्हीकडे औषध एकच होतं, रक्तदाबाचं.

“बाबा, या दोन्ही घेता?”

“दोन्ही. एक इथल्या डॉक्टरची, एक तिकडच्या डॉक्टरची. कोणाला वाईट वाटायला नको.”

मी पट्ट्या घेऊन आत धावले. मावशीने त्या पाहिल्या, बाबांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला, उभं राहताच तो घसरतोय हे पाहिलं, आणि निळी पट्टी स्वतःच्या खणात टाकली. मग सोनीबाईंकडे वळून माझ्याकडे बोट दाखवलं, “हिने शोधलं.”

सोनीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हीच ना ती पडलेली?”

“तीच,” मावशी म्हणाली. “आता ड्रेसिंग पण हीच करेल. तू जमिनीवर बैस ग. पडलीस तरी फार खाली जाणार नाहीस.”

मी जमिनीवर बसले. बाबांचा पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडवताना कानात गुणगुण सुरू झाली, कपाळाला घाम आला. तेवढ्यात बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याच पायाबद्दल माझी माफी मागितली, “घाण वाटत असेल, पोरी.” मी म्हणाले, “नाही हो.” आणि खरंच नव्हती वाटत. जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. पट्टी इतकी जाड झाली, की बाबांना चप्पल हातात धरून जावं लागलं. पण मी शुद्धीत होते.

चौथ्या दिवशी निघताना मावशीने तिचं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. “परीक्षेला हे नाही उपयोगाचं. वजन कळावं म्हणून देते.”

परतीच्या गाडीत ते मांडीवर उघडून बसले होते. त्र्यंबकला निघालेले डहाणूचे एक काका शेजारी होते. पुस्तकातला सांगाडा बघून त्यांनी विचारलं, “बेन, मुलगी डॉक्टरचं भणते (शिकते)?”

“नाही काका. मीच.”

काकांनी क्षणभर माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग धोतर वर सरकवून गुडघा पुढे केला.

“अहो, अजून मला काही येत नाही! प्रवेश मिळायचाय, मग सहा-एक वर्षं.”

“चालेल,” काका शांतपणे म्हणाले. “गुडघा कुठे जातो? तोवर नुसतं ऐक तरी.”

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “कधीपासून दुखतंय?”

काकांनी सांगायला सुरुवात केली. त्र्यंबक आलं, कंडक्टरने दोनदा हाक मारली, तेव्हा आम्ही कुठे डाव्या गुडघ्यावर आलो होतो.