पलटणीपुढचा वाटाड्या

आप्पा डाव्या हाताचा तळवा पुढे करायचे आणि विचारायचे, "पुरावा काय शे?"

एसटीचा कंडक्टर तिकिटासाठी हात पुढे करतो ना, तसा. त्यावर तुम्ही काहीतरी ठेवल्याशिवाय तो मागे जायचा नाही. पारावर कोणी म्हटलं की यंदा मिरचीला भाव येणार, की हात पुढे. अमक्याचा आजा वाघाशी कुस्ती खेळला होता, की हात पुढे. तुमच्याही गावात असा एखादा असेल. लोक त्याला टाळतात आणि भांडण लागलं की त्यालाच बोलावतात.

त्यांचा जन्म भूमी अभिलेखच्या कचेरीत गेला होता. मोजणीचे नकाशे, जुने मोडी कागद, हद्दीच्या खुणा, यांत माणूस इतकी वर्षं राहिला की तोंडी गोष्टीवरचा त्याचा विश्वासच उडाला. निवृत्त होऊन ते रनाळ्याला परत आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता पपईच्या बागेत चक्कर मारतील, नातवंडं खेळवतील. पण त्यांनी आमचं मंडळ धरलं आणि मंडळाचे सुखाचे दिवस संपले.

मंडळाचं काम असं. आम्ही गावातले वीस-पंचवीस जण, त्यात शेतकरी आहेत, डेअरीतले आहेत, एक पंक्चरवाला आहे, दर हिवाळ्यात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मैदानावर एक जुनी लढाई उभी करतो. कंपनी सरकारची पलटण सातपुड्यात शिरू पाहते. वर डोंगरातले तिरंदाज आणि खालच्या गावांतले घोडेस्वार मिळून तिला घाटात अडवतात. संहिता माझी, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि गावाच्या मते मराठी शिकवणाऱ्याला सगळं लिहिता येतं. माईकही माझ्याकडेच. आप्पा येण्याआधी लोक टाळ्या वाजवत होते आणि आम्ही खूश होतो.

आप्पा पहिल्या तालमीला आले तेव्हा पलटण लाल कोट घालून उभी होती. ते कोट नंदुरबारच्या एका बँडवाल्याकडून आणलेले. खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या, पाठीवर बँडचं नाव. आप्पांनी एका शिपायाला खांद्याला धरून पाठमोरा केला, अक्षरं सावकाश वाचली आणि मला विचारलं, "ही पलटन शे का वरात?"

खरी वरात तर पुढेच होती. सारंगखेड्याला येणारे पुष्कळ घोडे नाचरे. व्यापारी त्यांना तसेच शिकवून आणतात आणि आम्हाला हौसेनं देतात. माझ्या संहितेत होतं की पलटणीचा ढोल वाजताच आपल्या घोडदळानं चाल करून जावं. त्या वर्षी ढोल जरा जोरात वाजला. चाल करून निघालेले सगळे घोडे जागच्या जागी थांबले आणि ठुमकायला लागले. वर तलवारी उपसलेले आमचे वीर, खाली घोड्यांचा नाच, आणि समोर बंदुका रोखून उभे असलेले इंग्रज हसून हसून बेजार. मैदानात शिट्ट्या पडल्या त्या वेगळ्याच.

आम्ही म्हटलं, ढोल काढून टाकू. लगेच हात पुढे आला. पलटण ढोलाशिवाय चालायची याला पुरावा काय? पुढच्या वर्षी आप्पा पंधरा दिवस तापीकाठच्या गावांत हिंडले आणि लग्नाचं तोंड न पाहिलेल्या सहा घोड्या गोळा करून आणल्या. जाड खादी लाल रंगवून शिंप्याच्या दुकानात स्वतः बसले आणि कोट शिवून घेतले. बटणं पितळेचीच पाहिजेत म्हणून त्या शिंप्याला त्यांनी इतकं पिडलं, की तो आप्पा दिसले की चहा सांगायला बाहेर जायचा आणि परतच यायचा नाही.

इंग्रज व्हायला कोणी तयार नसे. ज्याला त्याला वीर व्हायचं. पहिल्या वर्षी आप्पांनी स्वतः लाल कोट घातला आणि पहिल्याच बाणाला ते पडले. साठी उलटलेला माणूस, मातीत पालथा, लढाई संपेपर्यंत बोटसुद्धा हलवलं नाही. नंतर उठले तेव्हा मानेवर मुंगळ्यांनी चावून गांधी आलेल्या. मी म्हटलं, आप्पा, जरा हात फिरवायचा की.

"मरेल मानूस खाजवत नही," ते म्हणाले.

तिरंदाजही पहिल्यांदा आमचीच मंडळी होती. अंगाला काळं फासून, बाण चिमटीत धरून ओढायची. आप्पांना त्यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. तळोद्याहून जीप धरून ते डोंगरातल्या एका पाड्यावर गेले आणि जात्र्यादादाला तालीम दाखवायला घेऊन आले. जात्र्यादादा बांबूची धनुष्यं करतो. आप्पांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलणं कमी. त्यानं सगळी तालीम उकिडवं बसून पाहिली आणि शेवटी एवढंच म्हणाला की आमच्यात बाणाला अंगठा लावत नाहीत.

सवयीनं आप्पांचा हात पुढे आला. जात्र्यादादानं त्या हाताकडे पाहिलं आणि त्यावर आपलं धनुष्य ठेवलं. मग पहिल्या दोन बोटांत बाण कसा धरायचा ते तासभर शिकवलं. आप्पांचा एकही बाण सरळ गेला नाही. पण त्यांनी त्या दिवशीच ठरवून टाकलं की तोंडाला काळं फासून कोणी डोंगरातला माणूस होत नसतो. पुढच्या वर्षापासून जात्र्यादादा आणि त्याचे सात-आठ जण स्वतःच येऊ लागले. उतरायचे आप्पांच्या घरी, जेवायचे त्यांच्या ओट्यावर. असे ते तीन हिवाळे आमच्याबरोबर लढले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. लढाईचा नायक आप्पांच्याच घरचा होता. त्यांच्या शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. तो त्यांच्या एका पूर्वजाचा. तलवार हातात घेऊन घाटात पडला, असं सगळं गाव सांगतं. दसऱ्याला त्या घराण्याची पहिली पूजा तिथे. मैदानात त्या पूर्वजाचं काम आप्पांच्या थोरल्या भावाचा, आबांचा मुलगा करायचा आणि आबा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसायचे. या एका गोष्टीपुढे आप्पांचा हात कधी आला नव्हता. मी एकदा चिडवलंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, "घरना देवले कोन पुरावा मांगस?"

मग धुळ्याहून एक विद्यार्थिनी आली. तिच्याकडे जुन्या मोडी कागदांच्या झेरॉक्स होत्या आणि तिला त्या वाचून हव्या होत्या. आप्पा आठवडाभर भिंग घेऊन बसले. नंतर एका दुपारी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले, लिंबाखालच्या कट्ट्यावर बसले आणि मला म्हणाले की एक पान तिला अजून वाचून दिलेलं नाही.

त्या पानावर लिहिलं होतं की घाटाच्या मागच्या अंगाची चोरवाट पलटणीला पुढे चालून दाखवली, सबब अमक्याला अमकी जमीन बक्षीस. नाव त्या दगडाखालच्या माणसाचं. जमीन तीच, जिच्या बांधावर तो दगड आहे.

मी काय बोललो ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, आप्पा, तिला मोडी येत नाही. गावात दुसऱ्या कोणाला येत नाही. ठेवून द्या.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तीन वरीसपाईन त्या लोके आपला संगे लढी ऱ्हायनात. त्यासले काय सांगू मी?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं पाड्यावर गेलो. आपल्या घरात सांगायच्या आधी आप्पांना तिथे सांगायचं होतं. जात्र्यादादा अंगणात बांबू तासत होता. आप्पांनी कागद मांडीवर ठेवला आणि अडखळत सगळं सांगितलं. जात्र्यादादाचा हात काही थांबला नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, आप्पा. आमच्यात सांगतात. तुमच्या गावाचं नाव घेऊन सांगतात."

मग बोलला का नाहीस, असं आप्पांनी विचारलं.

"तुम्ही पाहुणे म्हणून बोलावलं. तुमच्या घरी जेवलो. पाहुण्यानं असं कसं बोलायचं?"

आप्पांचे डोळे भरून आले. मी अंगणातल्या कोंबड्या मोजत बसलो. विचार करा, तीन वर्षं आम्ही त्यांना माईकवरून आमच्या पूर्वजाचा पराक्रम ऐकवत होतो. ते धनुष्य हातात घेऊन उभे राहून ऐकत होते आणि मग त्याच्याच बाजूनं लढत होते.

आबांनी मात्र आकांत केला. कागद फाड म्हणाले. बापाच्या तोंडाला काळं फासतोस का म्हणाले. मंडळातही दोन तट पडले. निम्मे म्हणाले, आजवर चाललंय ते चालू द्या. आप्पांनी कोणाशी वाद घातला नाही. त्या मुलीला ते पान वाचून दिलं आणि मला सांगितलं की संहितेत एकच प्रवेश बदल. वाटाड्याचं काम कोण करणार, असं मी विचारलं, कारण गावात कोणी करणार नव्हतं.

"मन्हाच बाप शे ना? मीच करसू."

त्या हिवाळ्यातलं ते मैदान मी विसरणार नाही. ढोल वाजला. लाल कोटांची रांग निघाली आणि तिच्या पुढे आप्पा. अनवाणी, धोतर-बंडी, डोक्याला साधं फडकं, हातात काही नाही. चालणं घाईचं नाही, भ्यालेलं नाही. एखाद्याला आपलं शेत दाखवायला माणूस चालतो तसं. मैदानाच्या मधोमध ते थांबले आणि हात उंच करून तिरंदाजांच्या मागची बाजू दाखवली. त्या क्षणी मला माईकवर नाव घ्यायचं होतं. आप्पांनी बजावलं होतं, नाव गाळायचं नाही. घेतलं कसंबसं.

पहिल्या रांगेतून आबा उठले. धोतर झटकलं आणि घोड्यांच्या दावणींमधून सरळ निघून गेले. आप्पांनी ते पाहिलं. हात खाली आला नाही. पलटण वळसा घालून मागून आली, तिरंदाज एकेक करून पडले, जात्र्यादादा शेवटी पडला. टाळी वाजली नाही. लोक उठायचेही विसरले होते. मग मेलेला जात्र्यादादा उठला, मधोमध उभ्या असलेल्या आप्पांजवळ गेला आणि त्यांचा हात धरून त्यानं तो खाली घेतला.

इतका मोठा माणूस मी माझ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हटलं असतं तर पुरावा मागितला असता.

त्यानंतर आबांनी आप्पांशी बोलणं टाकलं. दोघांच्या घरांत एक भिंत. इकडे खोकलं तर तिकडे ऐकू जायचं. दसऱ्याला आप्पा मात्र शेंदूर घेऊन त्या दगडाशी जायचे. मी विचारलं, अजूनही? तर म्हणाले, वाट दाखवली म्हणून काय बाप बदलतो का? पुढच्या हिवाळ्यातही त्यांनी तेच काम केलं. लोकांना आता सवय झाली होती. काही जण तर सांगायचे की आमच्या गावाला खरं बोलायची छाती आहे. गाव असंच असतं, शेवटी सगळं आपल्या नावावर घेतं.

यंदा चैत्रात आप्पा गेले. सकाळी पपईला पाणी द्यायला गेले आणि बांधावर बसले ते बसलेच. दहाव्याला डोंगरातून दोन जीप भरून माणसं आली.

हिवाळा आला तशी मंडळाची बैठक झाली. वाटाड्याचा प्रवेश गाळायचा, असं सगळ्यांचं मत पडलं. मेलेल्या माणसाच्या घराला आता कशाला बोल लावायचा? जात्र्यादादाला फोन केला, तर तोही म्हणाला की आप्पांनी सांगायचं ते सांगून झालं, आता पुरे. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी संहितेतून ते पान काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीला आबा आले. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी. आम्ही सगळे चपापलो. मला वाटलं, पुन्हा भांडायला आले. ते लाल कोटांच्या रांगेपर्यंत आले आणि त्यांनी मला विचारलं की वाटाड्या कुठे उभा राहतो. मी जागा दाखवली. त्यांनी काठी एका शिपायाकडे दिली आणि रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिले. मग मला जवळ बोलावलं.

"तो कसा चाले, माले दखाड," आबा हळूच म्हणाले. "मन्हा भाऊनं काम मी देखंच नही."

मी कागद खाली ठेवले, चपला काढल्या आणि त्यांच्या पुढे चालायला लागलो.